बिघाड शोधणे हाही प्रयोगच!

प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही की तुम्ही काय करता? बहुतेक जण परिचरांना हाक मारतात. ते येतात, एक तार काढून दुसरी लावतात, काटा हलतो आणि तुम्ही निरीक्षणे नोंदवू लागता. दोष तारेतच आहे हे त्यांनी कसे ओळखले, ते मात्र वहीत कोठेच येत नाही. माझ्या मते त्या तासातले खरे विज्ञान त्या दोन मिनिटांतच घडलेले असते. असे मी ठासून म्हणतो, कारण गेल्या वर्षी ते विज्ञान मी स्वतःच विसरलो होतो.

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीसाठी एक खण आहे. डीव्हीडीचे यंत्र काढून त्या जागी एका चौकटीत, म्हणजे कॅडीत, दुसरी हार्ड डिस्क बसवता येते. मी एका बंद पडलेल्या संगणकातली ५०० जीबीची डिस्क तेथे बसवली. आमच्या विद्यार्थ्यांनी सहा पावसाळे रोज सकाळी मोजलेल्या पावसाच्या नोंदी तिच्यावर होत्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती. लॅपटॉप सुरू करताच पडद्यावर सूचना आली, की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. शेजारी उभा असलेला विद्यार्थी म्हणाला, “सर, करून टाका ना फॉरमॅट. लगेच चालू होईल.”

चालू झालीही असती, पण रिकामी! त्या सूचनेचा खरा अर्थ एवढाच होता, की संगणकाला डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही. मांडणी बिघडली आहे की ती वाचण्याची वाट, हे सूचना सांगत नव्हती. निरीक्षण आणि निष्कर्ष यांत अंतर असते, ते असे.

फॉरमॅटचा मोह मी टाळला, पण घाई टाळली नाही. एकाच दमात स्क्रू आवळले, ड्रायव्हर बदलला आणि बायोसमध्ये जाऊन साटा जोडणीची पद्धतही बदलली. (बायोस म्हणजे संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी जागा होणारा मूळ कार्यक्रम.) परिणाम असा झाला, की विंडोजच सुरू होईना. मूळ बिघाड एक होता, मी त्याचे दोन केले!

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बायोसमधील बदल मागे घेतला. विंडोज सुरू झाले. नंतर माहितीची वाट लिहून काढली: डिस्क, कॅडीतील जोड, मदरबोर्ड, बायोस, विंडोज. पहिली तपासणी वाटेच्या मधोमध केली. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसत होते, म्हणजे वीज पोचत होती आणि काही संदेश तरी येत होते. नाव दिसले नसते, तर विंडोजमध्ये शोधत बसणे व्यर्थ होते. दुसरी तपासणी: तीच डिस्क यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडली. ती सुरळीत उघडली! प्रथम सर्व नोंदींची प्रत करून घेतली. तिसरी तपासणी: चांगली चालणारी दुसरी डिस्क त्याच कॅडीत बसवली. पुन्हा तीच तक्रार. म्हणजे डिस्क निर्दोष. संशय उरला कॅडीवर आणि तिच्यामागच्या जोडावर. चौथ्या वेळी फक्त कॅडी बदलली, आणि दोन्ही डिस्क चालू लागल्या. दर वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणूनच उत्तर मिळाले.

कधी कधी बिघाड नसतोच. कोरी डिस्क बायोसमध्ये दिसते आणि विंडोजमध्ये दिसत नाही, कारण तिच्यावर अजून विभाग पाडलेले नसतात. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ते पाडावे, तेथे गमावण्यासारखे काही नसते. ५०० जीबीची डिस्क ४६५ जीबी दाखवते, तीही चोरी नव्हे. कारखाना १०⁹ बाइटांचा एक जीबी धरतो, विंडोज २³⁰ बाइटांचा. भागाकार करून पाहा. नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये अशा खणाऐवजी बहुधा एम.२ नावाची खाच असते. तेथे साटा आणि एनव्हीएमई या दोन प्रकारच्या डिस्क दिसायला सारख्या असतात, पण एखादी खाच त्यांपैकी एकच ओळखते. म्हणून विकत घेण्याआधी माहितीपुस्तिका वाचावी.

एक इशारा. मोठ्यांना विचारल्याशिवाय लॅपटॉप उघडू नका. उघडण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी काढा, आणि अंगावरील स्थिर विद्युत जाण्यासाठी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रयोग थांबवून वीज ताबडतोब बंद करा.

कोणी म्हणेल, हे काम दुकानदार पाच मिनिटांत करतो. खरे आहे, पण चांगला कारागीरही एकेक भाग बदलूनच पाहतो. शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रमच पुरा होत नाही, याला वेळ कोठून आणावा? त्यांना माझी विनंती एवढीच, की सत्रात एक तास द्यावा. घट, कळ, दिवा आणि तारा यांचे साधे मंडल जोडावे आणि त्यात मुद्दाम एक दोष ठेवावा: वेष्टनाच्या आत तुटलेली तार, गेलेला दिवा किंवा संपलेला घट. दिवा लागला म्हणून गुण देऊ नयेत. कोणत्या तपासणीने कोणता संशय दूर झाला, हे वहीत लिहिले असेल तर द्यावेत.

तयार उपकरणावर पुस्तकातले उत्तर काढणारा विद्यार्थी परीक्षेत पास होतो. पण पुढे त्याच्यासमोर येणारी यंत्रे काही जोडून, तपासून ठेवलेली नसतात. पडद्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न आला, की ‘हो’ म्हणण्याआधी क्षणभर थांबण्याची सवय त्याला शाळेतच लागायला हवी. आमच्या सहा पावसाळ्यांच्या नोंदी आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. हा धडा मी मात्र उशिरा शिकलो.