सतरा मिनिटांचे पुष्पक

मराठी प्रवासवर्णन आता निकालात निघाले, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. तक्रार करणारे बहुधा 'अपूर्वाई'पाशी किंवा फार तर 'पूर्वरंग'पाशी थांबलेले असतात. आजचा प्रवासी आठ दिवसांत चार देश 'करून' येतो, हेलिकॉप्टरमध्ये बसून वरच्यावर शहर पाहतो, असा माणूस लिहिणार तरी काय, हा त्यांचा सवाल. या सवालातले गृहीतक आम्हाला मान्य नाही. उंची आणि वेग हे पाहण्याचे शत्रू, पायी चालणारा तेवढा खरा प्रवासी, असे ते गृहीतक आहे. समीक्षेच्या वर्गातही त्याला हल्ली पाठबळ मिळते. मिशेल द सर्तोने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११०व्या मजल्यावरून शहर पाहिले आणि वरून पाहणाऱ्याला शहराचा भास तेवढा होतो, शहर घडवतात ते खाली चालणारे, असे प्रतिपादन केले. त्याचा 'शहरातून चालणे' हा निबंध वाचलेला विद्यार्थी हेलिकॉप्टर म्हटले की आधीच नाक मुरडून बसतो.

पण ज्या वाचकाने कालिदास वाचला आहे त्याने असे नाक मुरडू नये. कालिदासाइतका आकाशातून पाहणारा कवी दुसरा दाखवणे कठीण आहे. 'मेघदूता'तला मेघ रामगिरीवरून, म्हणजे आपल्या रामटेकवरून, अलकेकडे निघतो. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात मातलीच्या रथातून उतरणाऱ्या दुष्यंताला पृथ्वी वर उचलून येताना दिसते. विमानातून उतरण्याचा अनुभव घेतलेल्या कोणीही ते वर्णन पुन्हा काढून वाचावे. विमानात न बसलेल्या माणसाने ते कसे लिहिले याचे आश्चर्य ओसरत नाही. आणि 'रघुवंशा'चा तेरावा सर्ग तर सरळसरळ मार्गदर्शकासह केलेली हवाई सहलच आहे. लंकेहून अयोध्येला परतताना पुष्पक विमानात राम सीतेला खालचे एकेक स्थळ दाखवत जातो. समुद्र, सेतू, जनस्थान, माल्यवान पर्वत, गोदावरी, पंचवटी, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम. यादी काढली तर ती कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात शोभेल.

मग ती यादी का वाटत नाही? एक जागा येते. सीतेला शोधत फिरताना तिचे एक नूपुर जिथे पडलेले सापडले ती. विमानातून ते नूपुर दिसणे शक्यच नाही, शिवाय ते तिथे उरलेलेही नाही. पंचवटीत सीतेने पाणी घालून वाढवलेली आंब्याची झाडे येतात. राम जे दाखवतो त्यातले निम्मे डोळ्यांना दिसणारे नाही. ते पायांनी चाललेले, आणि बरेचसे एकट्याने चाललेले आहे. विमानाचा वेग त्याच्या आड येत नाही, कारण पाहण्याचे काम चौदा वर्षे आधीच होऊन गेले आहे. उरले आहे ते सांगण्याचे. आणि ऐकणारीही अशी आहे की त्या भूमीवरचे अर्धे दुःख तिचे स्वतःचे.

हे सारे डोक्यात ठेवून आम्ही डिसेंबर २०२३मध्ये दुबईत हेलिकॉप्टरची फेरी केली, असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. तिथे नोकरीला असलेल्या भाच्याने हौसेने तिकिटे काढली, म्हणून केली. एका आसनाची किंमत आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या महिन्याच्या मानधनाच्या आसपास जाते, हे आम्ही त्याला सांगितले नाही. उड्डाण सतरा मिनिटांचे. आधी प्रत्येकाचे वजन करतात आणि त्या हिशेबाने आसने ठरतात, त्यामुळे खिडकी कोणाला मिळणार हे हौसेवर नाही, किलोंवर अवलंबून राहते. कमरेला घडी घातलेले जीवरक्षक जाकीट बांधतात, कानांवर हेडफोन चढवतात. त्या हेडफोनमध्ये आधीच मुद्रित केलेले निवेदन सुरू होते. जगातले सर्वांत उंच, जगातले सर्वांत मोठे, जगातले पहिले. सतरा मिनिटांत एकही साधे विशेषण कानांवर पडले नाही.

निवेदनाची टिंगल करणे सोपे आहे. पण खाली पाहिले आणि त्या निवेदनाचा फारसा दोष नाही असे वाटू लागले, कारण खालचे शहरच विशेषणांत रचलेले आहे. 'पाम जुमेरा' हे ताडाच्या झाडाच्या आकाराचे कृत्रिम बेट घ्या. २००१मध्ये त्याचे काम सुरू झाले. खोड, फांद्या आणि भोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीची बांधाची चंद्रकोर. त्यासाठी सुमारे ९ कोटी ४० लाख घनमीटर वाळू लागली आणि ती समुद्राच्या तळातून उपसावी लागली. वाळवंट दाराशी असताना वाळू समुद्रातून! वाऱ्याने घासून गोल झालेले वाळवंटी वाळूचे कण एकमेकांत अडकत नाहीत, भरावाला ते कुचकामी ठरतात. पुढे चंद्रकोर इतकी अभेद्य झाली की आतले पाणी साचून राहू लागणार होते, म्हणून तिला दोन ठिकाणी खिंडी पाडाव्या लागल्या.

आदल्या दिवशी आम्ही मोटारीने त्या खोडावरून गेलो होतो. दोन्ही बाजूंना इमारती, मधे रस्ता, डोक्यावरून एकेरी रूळाची गाडी. झाड कुठेच नाही. जिथे उभे आहोत तिथून ते दिसणे शक्यच नाही. पामवर घर असलेल्यालाही पाम पाहायचे असेल तर २०२१मध्ये उघडलेल्या ५२व्या मजल्यावरच्या सज्जाचे तिकीट काढावे लागते, नाहीतर आमच्यासारखे हेलिकॉप्टरमध्ये बसावे लागते. रोलाँ बार्थने १९६४मध्ये आयफेल टॉवरवर लिहिताना म्हटले होते की उंचीवरून शहर नुसते दिसत नाही, ते वाचता येऊ लागते. पॅरिस मात्र वाचले जाण्यासाठी बांधलेले नव्हते. टॉवर नंतर आला. इथे क्रम उलटा आहे. आकाशातला वाचक आधी कल्पिला आणि त्याच्यासाठी बेट लिहिले. त्याच्या पलीकडे जगाच्या नकाशासारखी मांडलेली सुमारे ३०० बेटे आहेत. २००३मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प २००८च्या आर्थिक संकटानंतर रखडला. थोड्या बेटांवर हॉटेले आणि बंगले झाले आहेत, आम्ही पाहिली त्यांतली बहुतेक वाळूचे गोळे होती. नकाशा पूर्ण आणि जग रिकामे, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

'बुर्ज अल अरब'चे शीड मागे पडले, किनारा गेला, आणि ८२८ मीटरच्या 'बुर्ज खलिफा'ला वळसा घालताना ध्यानात आले की आपण आकाशात असूनही मान वर करून पाहत आहोत. त्याचा शेंडा आमच्याहून बराच वर होता. त्या वळणावर पलीकडचे वाळवंट दिसले. निवेदकाने त्याच्यासाठी एक वाक्यही खर्च केले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही त्यात काही दिसले नाही. तांबूस, सपाट, शेवटी धूसर.

हे वाळवंट पामच्या नेमके उलट आहे. विल्फ्रेड थेसिजर १९४६नंतरच्या काही वर्षांत बेदू सोबत्यांबरोबर उंटांवरून आणि पायी रुब अल खालीचे वाळवंट ओलांडत होता. १९५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'अरेबियन सॅण्ड्स'मध्ये वाळूत उमटलेल्या उंटांच्या पावलांवरून कोण गेले, कुठून आले, केव्हा आणि कुठे पाणी प्याले हे ओळखणारे बेदू भेटतात. म्हणजे तीही एक लिपी. फक्त ती गुडघे टेकून वाचायची. पाम जमिनीवरून निरर्थक आणि वाळवंट आकाशातून निरक्षर. एकाच सतरा मिनिटांत दोन्ही पाहायला मिळाले. तेव्हा उंचीवरून पाहणे चांगले की वाईट, हा प्रश्नच आम्हाला चुकीचा वाटतो. कोणता मजकूर कुठून वाचायचा म्हणून लिहिला गेला आहे, एवढे विचारावे. दुबईची खाडी, उदाहरणार्थ, वरून एक नागमोडी पट्टी आहे. ती वाचायची तर लाकडी 'अब्रा'त बसून, आम्ही दिला तो एक दिरहम देऊन. मग बुर दुबईच्या धक्क्यावर आठवते की इथले मोती विकायला मुंबईला येत आणि १९६६पर्यंत इथे भारताच्या रिझर्व्ह बँकेने काढलेले रुपये चालत.

मात्र वरून दाखवणाऱ्याच्या हातात एक सत्ता असते, तिचा विचार करायला हवा. पुष्पक मुळात कुबेराचे, त्याच्याकडून रावणाने घेतलेले. राज्य करणाऱ्यांचेच ते वाहन. तेराव्या सर्गातला राम राजा होण्यासाठी निघालेला आहे. पुढच्याच सर्गात गंगाकाठची तपोवने पुन्हा पाहावीत अशी इच्छा सीता बोलून दाखवते आणि त्याच इच्छेच्या निमित्ताने तिला रथात बसवून वनात सोडले जाते. आपण प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघालो आहोत अशीच तिची समजूत असते. तेरावा सर्ग शिकवून चौदाव्यापाशी पुस्तक मिटणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावे. काय दाखवायचे हे ठरवणारा काय दाखवायचे नाही हेही ठरवतो.

आमच्या फेरीत सोनापूर नव्हते. दुबईच्या मुहैस्ना भागातल्या कामगारांच्या वसाहतींना दक्षिण आशियातले मजूर सोनापूर म्हणतात. सोन्याचे गाव, असा त्यांचा भाबडा किंवा कडवट अर्थ असावा. जुन्या मुंबईकर मराठी माणसाला मात्र सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सजवळचे स्मशान. सोनापूरला जाणे याचा अर्थ तिथे एकच. परदेशात मरण पावलेल्या मजुरांची प्रेते मायदेशी धाडण्याआधी ज्या केंद्रात तयार केली जातात तेही दुबईच्या याच सोनापुरात आहे, हे कळल्यावर भाषेने केलेल्या या योगायोगाने अंगावर काटा आला.

मल्याळम साहित्याने या माणसांना जागा दिली. बेन्यामिन यांची 'आडुजीवितम्' ही कादंबरी २००८मध्ये आली. सौदी वाळवंटात शेळ्यांच्या गोठ्यावर अडकलेल्या केरळी मजुराची ती गोष्ट. आपल्या रत्नागिरी-रायगडातून दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या. घरे बांधली गेली, गावांचे अर्थकारण फिरले. यावर मराठीत काय आहे? आमच्या वाचनात तरी फार थोडे. सहलीला जाऊन आलेल्यांची वर्णने मात्र दिवाळी अंकांत नेमाने येतात, त्यांत पुढेमागे आमचेही येईल. प्रवासवर्णन निकालात निघाल्याची तक्रार करायचीच असेल तर ती इथून करावी. हेलिकॉप्टरमधून पाहणारे लिहितात याचे दुःख नाही. चालून आलेले लिहीत नाहीत, आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

परतल्यावर खेड तालुक्यातल्या एका परिचितांकडे जाणे झाले. २००४ ते २००८ या काळात ते पामवर वायरमन होते. आम्ही मोबाइलवर केलेले तीनेक मिनिटांचे चित्रीकरण त्यांना दाखवले. ते झाड त्यांनी असे सलग कधीच पाहिले नव्हते. पहिल्यांदा ते नुसते हसले. मग फांद्या मोजू लागले आणि एकीपाशी त्यांनी चित्र थांबवायला सांगितले. इथे केबलचा चर खणताना तासातासाला पाणी भरत असे. इथे एक बिहारी मुलगा उन्हाने कोसळला होता, त्याला ट्रकच्या सावलीत निजवले होते. इथल्या टाकीला दुपारी चारपर्यंत हात लावता येत नसे. इथून ईदच्या संध्याकाळी शारजाच्या बाजूचे दिवे दिसत, तेव्हा मधे एवढ्या इमारती नव्हत्या. बोट पडद्यावर सरकत होते आणि आम्हाला त्या बोटाखाली फक्त पांढरी छपरे आणि निळे पोहण्याचे हौद दिसत होते. तीन मिनिटे पाहून संपायला सव्वा तास लागला.

त्यांची पत्नी चहा ठेवायला आली होती ती तिथेच उंबऱ्याशी बसली. यातले बरेचसे ती पहिल्यांदाच ऐकत होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. चित्रफीत संपत आली तेव्हा तिने विचारले, यातली तुमची राहायची खोली कुठची? ते यात नाही, ते म्हणाले. ते लांब आत, वाळवंटाच्या बाजूला.