छपरातील रबर आणि पावसाळ्याचा हिशेब

हिंगणा औद्योगिक वसाहतीत ज्यांची गोदामे आहेत, त्या व्यापारी बंधूंना मेअखेरीस छपराची आठवण होते. ती मार्चमध्येच व्हावयास हवी. कारण छप्पर आषाढात गळत असले, तरी त्याची झीज उन्हाळ्यात झालेली असते. मे 2013 मध्ये नागपूरचे तापमान 47.9 अंशांवर पोहोचले होते. अशा उन्हात लोखंडी पत्रा दिवसा पसरतो, रात्री आकसतो आणि प्रत्येक स्क्रूला रोज थोडा हिसका बसतो. स्क्रूखालचा रबरी वॉशर वाळून तडकतो. पत्रा शाबूत दिसतो, पाणी मात्र पोत्यांवर ठिबकते.

म्हणून पत्रे बदलण्याचे अंदाजपत्रक मागवण्यापूर्वी वॉशर तपासून घ्यावेत. छिद्र रुंदावले असल्यास स्क्रू एक माप जाड घ्यावा. तो आवळताना वॉशर किंचित दबला पाहिजे. चेंगरून बाहेर आलेला वॉशर लवकर फाटतो. सिमेंटच्या पत्र्यावर कामगाराने आडव्या फळीवाचून पाय ठेवू नये. तो पत्रा अचानक फुटतो, आणि त्याची किंमत मालाच्या हिशेबात मावत नाही.

सपाट स्लॅबवर अंथरलेल्या शीटची गोष्ट निराळी. ती रबरी आहे की डांबरी, हे प्रथम जुन्या बिलावरून पाहावे. (बिल जपून ठेवले असेल, हे गृहीत धरतो!) ईपीडीएम जातीच्या रबरावर डांबर फासले, तर त्यातील तेलाने रबर फुगते व मऊ पडते, गळती थांबण्याऐवजी शीटच निकामी होते. योग्य रीत अशी: जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, प्राइमर लावावा, त्याच जातीच्या रबराचे ठिगळ कोपरे गोल कापून, छिद्राच्या चहूबाजूंस तीनेक इंच जाईल असे चिकटवावे आणि त्यावर रूळ फिरवावा. आत जेथे ओल दिसते, तेथेच वर छिद्र असते असे नाही. पाणी उताराने वाहत येते; तेव्हा चढाच्या बाजूस, कठड्याच्या कोपऱ्यांत, पाइपाभोवती आणि पन्हाळीच्या तोंडाशी शोध घ्यावा.

बँकेतील नोकरीच्या अनुभवावरून एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. वादळ वा पुराने झालेले नुकसान विम्यात समाविष्ट असू शकते. परंतु देखभालीअभावी हळूहळू झालेल्या पाझराचा दावा मंजूर होणे दुरापास्त. शिवाय गोदामातील माल कॅश क्रेडिटसाठी तारण असेल, तर भिजलेला माल स्टॉक स्टेटमेंटमधून वगळावा लागतो आणि ड्रॉइंग पॉवर घटते. ऐन हंगामात, खरेदीस पैसा हवा असतानाच, खात्यावर हा ताण येतो. दुरुस्तीचे बिल, काम करण्यापूर्वीची व नंतरची तारखेसह छायाचित्रे आणि विमापत्र एकाच फाइलीत ठेवावे. सर्व्हेअर आला की प्रथम हेच कागद मागतो.