उरलेल्या गोळ्या

गेल्या वर्षीं गणपतींत मुंबईस शिकणारा आमचा नातू घरीं आला, तो हिंवताप बरोबर घेऊनच. एक दिवस आड त्यास हुडहुडी भरावी, चार पांघरुणेंही पुरूं नयेत, आणि मग घामानें अंथरूण भिजून ताप उतरावा, असा क्रम चालला. तो पाहून आम्हीं तत्काळ निदान केलें, "हा तृतीयक!" आयुर्वेदानें विषमज्वराचे जे भेद सांगितले आहेत त्यांत एक दिवस आड येणारा तो तृतीयक व दोन दिवस आड येणारा तो चतुर्थक; तृतीयकाचें नांव तर अथर्ववेदांतही आढळतें. आमचें निदान बरोबर ठरलें. त्याचा आम्हांस अभिमान वाटला, आणि पुढील चूक त्या अभिमानांतूनच झाली.

डॉक्टरांनीं रक्त तपासून 'व्हायव्हॅक्स' जातीचे जंतु असल्याचें सांगितलें आणि दोन औषधें लिहून दिलीं : क्लोरोक्वीन तीन दिवस व प्रायमाक्वीन चौदा दिवस. तीन दिवसांत ताप गेला, मुलगा नीट जेवूं लागला. मात्र प्रायमाक्वीननें त्याच्या पोटांत कालवे. सातव्या दिवशीं आम्ही म्हणालों, "ताप गेला, आतां हें उष्ण औषध कशाला?" सूनबाईंनीं डॉक्टरांचा कागद पुढें केला. परंतु वडील माणसाचा शब्द पडला कीं कागद मागें पडतो, ही एकत्र कुटुंबाची रीत वाचकांस ठाऊकच आहे. आठ दिवसांच्या गोळ्या फडताळांत पडल्या.

दोन महिन्यांनीं ऐन परीक्षेच्या तोंडावर ताप परतला. "पुन्हां डास चावला असेल," असें म्हणून आम्हीं स्वतःची समजूत घातली. डॉक्टर म्हणाले, "तसेंही असूं शकेल, पण गोळ्या पुऱ्या केल्या होत्या काय?" आम्ही निरुत्तर झालों.

त्यांनीं जें समजाविलें तें असें. व्हायव्हॅक्सचे कांहीं जंतु यकृतांत निद्रिस्त होऊन राहतात. क्लोरोक्वीन रक्तांतील जंतु मारतें. त्या निद्रिस्तांपर्यंत तें पोंचत नाहीं. हरळी वरवर खुरपली आणि मुळ्या तशाच ठेविल्या तर पहिल्या पावसांत शेत पुन्हां भरावयाचें, तसाच हा प्रकार. या मुळ्या खणण्याचें काम प्रायमाक्वीनचें, आणि चौदा दिवस त्यासाठींच.

याहून मोठा प्रसंग थोडक्यांत टळला. थोरल्या वहिनींच्या गरोदर नातसुनेस अंगांत कसकस वाटत होती. "फडताळांत गोळ्या आहेत त्याच द्या," असें वहिनी म्हणाल्या. सूनबाईंनीं त्यांचा हात धरला म्हणून बरें. गर्भवतीस व तान्ह्या मुलास प्रायमाक्वीन देत नाहींत. शिवाय कित्येकांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नांवाचें द्रव्य जन्मतःच कमी असतें. त्यांच्या तांबड्या पेशी या औषधानें फुटतात, लघवी काळपट होते व कावीळ दिसते. तेव्हां एकाची उरलेली गोळी दुसऱ्यास देणें हा परोपकार नव्हे.

औषध अर्धवट घेण्याचा दुसरा दोष सर्व समाजास भोंवतो. सिंकोनाच्या सालींतून क्विनीन वेगळें केलें गेलें तें 1820 सालीं, फ्रान्समध्यें. क्लोरोक्वीन 1934 सालीं जर्मनींत तयार झालें व महायुद्धानंतर जगभर पसरलें. परंतु 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायलंड व कंबोडिया यांच्या सरहद्दीवर त्यास दाद न देणारे फॅल्सिपेरम जंतु आढळले, आणि 1973 सालीं तेच आसामांत दिसले. अपुऱ्या मात्रेनें दुर्बळ जंतु मरतात व चिवट तेवढे वाढतात. फॅल्सिपेरम हा मेंदूपर्यंत जाऊन प्राण घेणारा. आपल्या गडचिरोलीच्या जंगलांत त्याचाच उपद्रव मोठा. त्यावर आज आर्टेमिसिनीन वर्गाचें औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीनें देतात. चीनच्या तू यूयू यांनीं जुन्या वैद्यकग्रंथांतील एका वनस्पतीचा माग घेऊन 1972 सालीं तें मिळविलें. 2015 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हें औषध जलद काम करतें, पण शरीरांत फार काळ टिकत नाहीं; उरलेले जंतु जोडीदारानें संपवावयाचे. त्यासही अंशतः न जुमानणारे जंतु कंबोडियांत व पुढें रवांडा, युगांडा येथें आढळले आहेत.

गृहिणींसाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. आर्टेमेथर-लुमेफँट्रीनची जोडगोळी दुधाबरोबर अथवा स्निग्ध अन्नाबरोबर घ्यावी, म्हणजे ती अंगीं लागते. उलट डॉक्सीसायक्लीन दूध, लोह वा कॅल्शियम यांबरोबर घेऊं नये. आम्लपित्ताचें औषध व क्लोरोक्वीन यांत चार तासांचें अंतर असावें. हृदयाच्या ठोक्यांवर किंवा क्षयावर उपचार चालू असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें, कारण हीं औषधें एकमेकांच्या कामांत हात घालतात. घरचा मुलगा नोकरीनिमित्त आफ्रिकेंत निघाला तर प्रतिबंधक औषध डॉक्टरांस विचारून सुरू करावें आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पुरें करावें. डॉक्सीसायक्लीन तर परतल्यावर चार आठवडे चालवावें लागतें. आणि कोणतीही गोळी असो, मच्छरदाणीस सुट्टी नाहीं.

नातवानें दुसऱ्या खेपेस चौदाही दिवस औषध घेतलें. रोज रात्रीं गोळी मोजून देण्याचें काम आम्हीं आपणहून मागून घेतलें. चाळीस वर्षें मुलांस "अर्धा धडा म्हणजे धडा नव्हे" असें बजावीत आलों, आणि घरांत स्वतःच अर्ध्यावर पुस्तक मिटविलें! परीक्षेचें वर्ष गेलें तें नातवाचें. शिकलों मात्र आम्ही. वाचकहो, आज आपलेंही फडताळ एकवार उघडून पाहावें.