चोळण्यापूर्वी तपासणी हवी

विजयी खेळाडूच्या गळ्यातील पदक सर्वांस दिसते; त्याच्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेचा व्रण क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतो. हैदराबाद आज बॅडमिंटनचे माहेरघर मानले जाते. परंतु त्या नगरीस हा लौकिक मिळवून देणारे पुलेला गोपीचंद यांची कारकीर्द १९९४ साली पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतच संपण्याची वेळ आली होती. दुहेरीच्या सामन्यात साथीदाराशी टक्कर होऊन त्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया व प्रदीर्घ व्यायामोपचारानंतर २००१ साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. त्यांच्या शिष्या पी. व्ही. सिंधू यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला सुवर्णपदक मिळवले. पण घोट्याच्या हाडाला सूक्ष्म भेग आढळताच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवर पाणी सोडले. विश्रांती हाही उपचारच आहे, हे त्यांनी जाणले.

आमच्या किनारपट्टीवरील गावोगावच्या फुटबॉलपटूंचे काय? पाय मुरगळला की गरम तेलाने चोळावे, शेक द्यावा आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरावे, ही रीत अद्याप सुटलेली नाही. वास्तविक पहिले दोन-तीन दिवस चोळणे व शेकणे यांनी सूज वाढण्याचाच संभव अधिक. त्या काळात विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे हेच हितकारक. खेळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत तो सुजला, अथवा चालताना निसटू लागला, तर अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. तज्ज्ञ डॉक्टर गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. क्ष-किरणांत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. सूक्ष्म भेगही प्रारंभीच्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा निसटते. शस्त्रक्रिया झाली तरी साधारण नऊ महिन्यांपूर्वी मैदानात परतणे धोक्याचे असते.

हे सारे नामांकित खेळाडूंस लाभते. रोजंदारीवर पोट असणाऱ्या तरुणाचा गुडघा मात्र निकामी झाला की खेळाबरोबर रोजगारही जातो. गोव्याने २०२३ साली सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे यजमानपद भूषविले. आता प्रत्येक गावस्पर्धेत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस हजर असावा व तालुक्याच्या रुग्णालयात व्यायामोपचाराची सोय असावी, अशी आमची मागणी आहे. मैदाने बांधणाऱ्यांनी त्यांवर धावणाऱ्या पायांचीही काळजी वाहिली पाहिजे.