सुया, लोकर आणि एक राहिलेली बाही

फराळाचे डबे भरून झाले, आकाशकंदील वर चढला, की कपाटातली लोकरीची पिशवी मला खुणावू लागते. त्यावरून आमच्या घरी दर वर्षी एक विनोद ठरलेला आहे. "पुण्यात थंडी पंधरा दिवस आणि तुझी लोकर बारा महिने!" असे आमच्या घरचे म्हणतात. म्हणोत बापडे! पहिला गार वारा सुटला, की "माझा तो निळा स्वेटर कुठे ठेवलास गं?" ही हाक त्यांचीच येते.

दिवाळी अंकात वर्षभराच्या विणकामाचा जमाखर्च मांडायचा, हा आपला रिवाज. तर यंदाचा हिशेब असा : एक टोपी फसली, चौदा टोप्या जमल्या आणि एक बाही पुरी झाली. बाहीचे मागाहून सांगते. आधी फसलेली टोपी.

आमची धाकटी सून अमेरिकेत असते. तिला यंदा नव्यानेच विणकामाचा नाद लागला. नातू वर्षाचा झालेला, तेव्हा त्याच्यासाठी टोपी करावी असे तिच्या मनात आले. मी फोनवरून कृती सांगितली, "मध्यम जाडीची लोकर घे, आठ नंबरच्या सुयांवर ८८ टाके घाल, दोन सुलट, दोन उलट." इतकी साधी टोपी, की त्यात चुकायचे म्हटले तरी चुकता येऊ नये. तीन आठवड्यांनी फोनवर दर्शन झाले. टोपी नातवाच्या नाकापर्यंत उतरलेली, तो आतून खिदळतोय आणि सून रडकुंडीला आलेली! "आई, मी प्रत्येक ओळीला टाके मोजले हो!"

खरेच मोजले होते. चूक टाक्यांची नव्हती, आठ या आकड्याची होती. आपल्याकडे सुयांचे नंबर अजून जुन्या इंग्रजी पद्धतीचे चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत नेमके उलट : नंबर वाढला की सुई जाड. तिथली आठ नंबरची सुई पुरी ५ मिलिमीटरची! माझ्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात, तिच्या विणीत १८ बसले. ८८ टाक्यांची माझी टोपी ४० सेंटिमीटर घेराची होते, तिची झाली ४९ सेंटिमीटरची. लेकराचे नाक झाकले गेले, त्यात नवल ते काय!

तेव्हा परगावच्या, परदेशच्या कोणाला कृती सांगाल, तर सुईचा नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. आणि कामाला हात घालण्यापूर्वी हातभर नव्हे, १० सेंटिमीटरहून थोडा मोठा नमुना विणून त्यातल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. अर्धा तास जातो खरा, पण तीन आठवडे वाचतात. ती टोपी मात्र वाया गेली नाही. आमच्या चिरंजिवांच्या डोक्याला ती बरोबर बसली. कान तेवढे उघडे राहतात.

आता जमलेल्या चौदा टोप्या. शेजारची एक मुलगी नर्स आहे. तिच्याकडून कळले, की दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना टोप्या लागतात. या बाळांचे वजन कमी, अंगावर चरबी नाही आणि सगळ्या शरीराच्या मानाने डोके मोठे, त्यामुळे उघड्या डोक्यावाटे अंगातली ऊब भराभर निघून जाते. म्हणून बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालून आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत बाळगते, त्यावरून या पद्धतीला नाव पडले. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, १९७८ साली ती सुरू झाली. तिथे काचेच्या उबदार पेट्या बाळांच्या मानाने कमी पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी आईलाच पेटी केले!

या टोपीला लोकर नको, मऊ सुती धागा हवा. बटण, फीत, मणी, जाळी यांतले काहीही नको. माझी कृती अशी : दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुयांवर ६४ टाके घाला. एक सुलट, एक उलट अशा बारा ओळी विणा. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे करीत एकंदर उंची ७ सेंटिमीटर होऊ द्या. मग सुलट ओळीवर 'सहा सुलट, दोन टाके एकत्र' असे शेवटपर्यंत करा, ५६ टाके उरतील. एक ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीवर 'पाच सुलट, दोन एकत्र', मग चार, मग तीन, असे कमी करीत या. आठ टाके उरले, की त्यांतून धागा ओवून घट्ट ओढा आणि बाजूची शिवण चपटी घाला, म्हणजे बाळाला रुतणार नाही. गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून द्या.

पहिली टोपी झाली तेव्हा ती मी मोसंबीवर चढवून पाहिली. मोठ्या मोसंबीला ती जेमतेम सैल झाली. एवढेसे डोके असते हो! त्या दिवशी मी आणखी दोन टोप्या पुऱ्या करूनच उठले.

आता त्या बाहीचे सांगते.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे माई म्हणत असू. १९७८ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मला धड टाके घालताही येत नव्हते. माईंनी शिकवले. शिक्षिका मोठी कडक! विणलेले हातात घेत, उजेडाकडे धरीत आणि दहा ओळी खाली चूक दिसली, तर माझ्यादेखत सुई काढून घेऊन सर्रकन उसवीत. "चूक दिसली की उसवायची. उद्यावर ठेवली, की ती कायमची राहते," हे त्यांचे वाक्य. माझ्या डोळ्यांत पाणी येई, पण हात सुधारला तो त्यामुळेच.

गेल्या माघात माई गेल्या. चैत्रात एक दिवस भावोजी आले आणि एक कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ही तुझ्याकडे असू दे." पुरे कर, असे म्हणाले नाहीत. मीही विचारले नाही. पिशवी खुंटीला अडकवली, ती श्रावणापर्यंत तिथेच होती. जाता येता तिच्याकडे बघायची आणि दुसरेच काही काम काढायची.

अखेर एका पावसाळी दुपारी ती उघडली. आत शेवाळी रंगाचा स्वेटर होता, भावोजींना ऐंशी पूर्ण होतात म्हणून घेतलेला. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, एक बाही झालेली. दुसऱ्या बाहीची मनगटपट्टी आणि वर चार बोटे वीण सुयांवर तशीच होती. लोकरीचे दोन गुंडे शिल्लक होते.

मी माईंच्या नऊ नंबरच्या सुया घेऊन नमुना विणला, तर जमेना. त्यांचा हात घट्ट, माझा सैल. त्यांचे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके, माझे २२. तशीच पुढे विणत गेले असते, तर दुसरी बाही ढगळ झाली असती. शेवटी एक नंबर बारीक सुया घेतल्या, दहा नंबरच्या. त्यांवर माझेही २४ बसले. मैत्रिणींनो, दुसऱ्याचे अर्धे काम हाती घ्याल, तेव्हा हे ध्यानात ठेवा. लोकर तीच, सुई तीच असली, तरी हात तोच नसतो.

बाही निम्म्यावर आली, तेव्हा माप पाहायला म्हणून मी पुढचा भाग पसरला. मधोमध सहा टाक्यांची वेणी होती. तीन टाके जादा सुईवर पुढे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग धरलेले विणायचे. सगळे पीळ एका दिशेने, आणि गळ्याखालचा तिसरा पीळ मात्र उलटा! टाके पुढे धरण्याऐवजी मागे धरलेले. माईंची चूक! त्रेचाळीस वर्षे मी त्यांच्या हातची चूक पाहिली नव्हती.

दुरुस्ती अवघड नव्हती. सगळा भाग उसवावा लागत नाही. वेणीचे तेवढे सहा टाके चुकलेल्या ओळीपर्यंत खाली सोडायचे आणि पीळ सरळ करून एकेक ओळ पुन्हा वर विणत आणायची. तासाभराचे काम. त्यांचेच वाक्य त्यांच्याच स्वेटरला लावायचे, म्हणून मी सुई उचललीही. मग वाटले, भावोजींना विचारावे.

त्यांनी चष्मा लावून तो पीळ निरखून पाहिला. मग म्हणाले, "राहू दे. त्या रात्री तिला ताप होता. मी म्हटलं, ठेव आता खाली. तर म्हणाली, एवढी ओळ होऊ दे."

मी सुई ठेवून दिली.

कोजागिरीला स्वेटर पुरा करून दिला. भावोजींनी तिथल्या तिथे अंगात घातला. दोन्ही बाह्यांवरून हात फिरवला, कोणती कोणाची ते विचारले नाही. ऑक्टोबरची दुपार, अंगाची नुसती काहिली. ते म्हणाले, "जरा पंखा लाव गं." मी पंखा लावला. स्वेटर त्यांनी काढला नाही.

असो. आता पुढचे बेत. नातीसाठी रॅग्लन बाह्यांचा स्वेटर घ्यायचा आहे. १८५४ च्या क्रिमियन युद्धाने विणणाऱ्या बायकांना किती शब्द दिले पाहा! तिथे इंग्रजी फौजेचा सेनापती लॉर्ड रॅग्लन होता, वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेला. घोडदळाचा लॉर्ड कार्डिगन. आणि लढाईचे गाव बालाक्लाव्हा, ज्याचे नाव इंग्रजीत आपल्या माकडटोपीला मिळाले. रॅग्लन स्वेटर गळ्याकडून खाली विणता येतो, मुंढ्याची शिवण लागत नाही. वाढत्या अंगाच्या मुलांना तो फार सोयीचा. विणलेले नेहमी शेवटच्या टोकाकडून सहज सुटते. तेव्हा पुढल्या वर्षी खालची कड सोडायची, टाके सुईवर घ्यायचे आणि चार इंच वाढवायचे. मात्र त्याच रंगाचा एक गुंडा आजच जास्तीचा घेऊन ठेवा. पुढल्या वर्षी दुकानदार तीच छटा देईल, या भरवशावर राहू नका.

दुसरा बेत बेताचाच आहे. माझीही बोटे आता सकाळी आखडतात. सुरू केलेली चार कामे चार पिशव्यांत पडून आहेत. म्हणून गेल्या आठवड्यात प्रत्येक पिशवीत एकेक चिठ्ठी घातली : कोणासाठी, कोणती कृती, सुई किती मिलिमीटर, १० सेंटिमीटरमध्ये टाके किती, कितव्या ओळीवर थांबले. पुढच्या दिवाळीला या चारांचा हिशेब मी द्यायचा, असा निश्चय आहे. पण चिठ्ठी असलेली बरी.

तुमच्याही पिशवीत एक घालून ठेवा. आणि चकल्या गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर मऊ पडतात! दिवाळी आनंदाची जावो.