अदृश्याची साक्ष

२०१९ सालच्या एप्रिल महिन्यात जगभरच्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर एक चित्र छापले. काळोखात तेजाचे नारिंगी कडे आणि त्याच्या मध्यभागी अंधार. कृष्णविवराचे हे पहिले छायाचित्र, असे त्याचे वर्णन सर्वत्र झाले. ते सोयीचे होते, पण अचूक नव्हते. ज्यातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही त्याचे छायाचित्र निघणार कसे? दिसले ते कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूचे तेज. आणि तेही रेडिओ लहरींच्या नोंदींवरून गणिताने उभे केलेले. रंगदेखील पाहणाऱ्याच्या सोयीसाठी दिलेला. हे कळताच काहींनी निष्कर्ष काढला की, मग हा सारा कल्पनेचाच खेळ! हा निष्कर्ष मूळ वर्णनाहून अधिक चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे समजून घेणे केवळ खगोलशास्त्राच्या अभ्यासकांपुरते अगत्याचे नाही.

धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले. परंतु धूर खरोखर धूरच आहे, धुके नव्हे, याची खात्री करण्यातच अनुमानाचे सारे सामर्थ्य असते. कृष्णविवराचा अभ्यास म्हणजे त्याच्या परिसराची अशी कसून तपासणी होय. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेस सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. मधल्या धुळीतून दृश्य प्रकाश पोहोचत नाही. अवरक्त किरण पोहोचतात. त्यांच्या साहाय्याने रेनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने १९९२ पासून चिलीतून, तर आंद्रेआ गेझ यांच्या गटाने १९९५ पासून हवाई बेटावरून तेथील ताऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे नोंदवल्या. 'एस-२' नावाचा तारा एका न दिसणाऱ्या बिंदूभोवती १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. मे २०१८ मध्ये तो त्या बिंदूच्या अगदी जवळून गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सात हजार किलोमीटरांहून अधिक होता. या कक्षेवरून गणित केले असता त्या लहानशा जागेत ४० लक्ष सूर्यांइतके वस्तुमान असल्याचे सिद्ध होते. दोन्ही गट परस्परांचे स्पर्धक होते, आणि दोघांचे उत्तर एकच आले. २०२० च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला, तो या चिकाटीबद्दल.

दूरच्या दीर्घिकांत स्वतंत्र तारे वेगळे दिसत नाहीत. तेथे युक्ती निराळी. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू तबकडीसारखा फिरत तापतो आणि त्याचे तेज कमीजास्त होत राहते. हा बदल बाहेरच्या वायूमेघांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. मग तेही उजळतात. डोंगराच्या कड्यावरून प्रतिध्वनी किती उशिरा परतला यावरून कड्याचे अंतर काढावे, तसे या प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून मेघांचे अंतर निघते. वर्णपटावरून त्यांचा वेग कळतो, आणि दोहोंवरून केंद्रातील वस्तुमान. एनजीसी ५५४८ या दीर्घिकेसाठी १९८८-८९ मध्ये एका उपग्रहाने आठ महिने दर चार दिवसांनी निरीक्षण केले. मोजणी तीच, वस्तू तीच. केवळ तारीख बदललेली. अशा कामाला वृत्तपत्रांत मथळा मिळत नाही.

ते गाजलेले कडेही याच जातीच्या श्रमातून निर्माण झाले. कन्या राशीतील एम-८७ ही दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्राचा वेध घेण्यास पृथ्वीएवढी दुर्बीण हवी. म्हणून एप्रिल २०१७ मध्ये निरनिराळ्या खंडांवरील आठ रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी जोडून वापरण्यात आल्या. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की, त्या विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरील नोंदी तर तेथील हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या होत्या. पुढे चार गटांनी एकमेकांना काहीही न कळवता स्वतंत्रपणे चित्रे तयार केली आणि चारही चित्रांत कडे उमटले. २०१८ च्या नोंदींवरून केलेले चित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कड्याचा आकार तोच राहिला, मात्र त्याचा तेजस्वी भाग सरकला होता. वस्तुमान स्थिर आणि वायू चंचल असेल तर असेच व्हावयास हवे. काही जपानी संशोधकांनी याच नोंदींवरून वेगळे चित्र मांडून आक्षेप घेतले, कारण नोंदी सर्वांना खुल्या होत्या. आक्षेपकालाही तपासणीची साधने मिळणे, हीच खरी विश्वासार्हता.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण अनेक अँटेना एकत्र जोडण्याच्या याच तत्त्वावर चालते. कृष्णविवरांच्या परिसरातून उसळून लाखो प्रकाशवर्षे पसरलेले झोत तिच्या लांब लहरींत दिसू शकतात. तिला शांतता हवी असते. मोबाईल, विजेच्या तारा आणि यंत्रे यांचा गोंगाट तिच्या कानावर आघात करतो. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेमार्गावरून उद्भवलेला वाद याच कारणाचा. रेल्वे हवी असणाऱ्या गावकऱ्यांची मागणी न्याय्य आहे, आणि दुर्बिणीची गरजही. मात्र एकीचा लाभ डोळ्यांना दिसतो आणि दुसरीचा दिसत नाही, एवढ्याच कारणास्तव निवाडा होऊ नये. मार्ग वळवता येतो. गोंगाटात हरवलेली नोंद पुन्हा मिळवता येत नाही.

शाळांतून मात्र विज्ञान अजूनही निष्कर्षांची यादी म्हणून पाठ करून घेतले जाते. कृष्णविवराचे वस्तुमान किती, हे विद्यार्थ्याला सांगता येते. ते कसे कळले, हे त्याला क्वचितच विचारले जाते. वस्तुतः दुसरा प्रश्नच त्याच्या आयुष्यभर उपयोगी पडणारा आहे. डोळ्यांनी दिसले तेवढेच खरे मानणारा समाज भोळा राहतो, आणि दिसत नाही म्हणून सारेच नाकारणारा समाजही तितकाच भोळा असतो. साक्ष कोणी दिली, ती कोणी तपासली आणि पुन्हा तपासता येईल काय, हे विचारण्याची सवय लागली, तर त्या नारिंगी कड्याने खगोलशास्त्राबाहेरही मोठे काम केले असे म्हणावे लागेल.