कधी होतं, कधी होत नाही

वर्गात मला "कधी कधी" हा शब्द फारसा आवडत नसे. "गृहपाठ का नाही?" "सर, कधी कधी राहतो." असं उत्तर आलं की माझा पारा चढायचा. आता सत्तरी ओलांडल्यावर त्याच शब्दापुढे मान खाली घालावी लागली, आणि तीही एका संगणकापायी!

आमच्या वाचनालयात काही जुने संगणक आहेत. त्यांवर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातलीच प्रणाली. मुलं कुठल्याही संगणकावर बसतात आणि एसएसएचने मुख्य संगणकात शिरतात. त्यांच्या फायली तिथे असतात. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, पण निवृत्तीनंतर संध्याकाळी तिथे बसून थोडंफार शिकलो.

बारावीतली एक मुलगी म्हणू लागली, "सर, माझा पासवर्ड कधी कधी चालतच नाही." मी म्हटलं, "अगं, नीट बघून टाईप कर." तिसऱ्यांदा तर रागावलोच. मुख्य संगणक बंद करून चालू केला की बहुतेक वेळा काम व्हायचं. मग शोधायचं कशाला?

ती मात्र रोज वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ आणि पडद्यावर उमटलेला संदेश लिहीत राहिली. दोन आठवड्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. बिघाड नेहमी साडेपाचनंतरचा! मग मुख्य संगणकाची लॉगची फाईल उघडली. चुकीचा पासवर्ड टाकला तर तिथे नोंद व्हायला हवी. तिला नकार मिळाला त्या वेळांची एकही नोंद नव्हती. म्हणजे ती बिचारी भलत्याच दारावर टकटक करत होती.

झालं होतं असं. श्रम वाचावेत म्हणून कार्यालयातल्या संगणकाची डिस्क मुख्य संगणकावरून जशीच्या तशी उतरवली होती, आयपी पत्त्यासकट. तो संगणक साडेपाचला सुरू व्हायचा. एका हजेरी क्रमांकाची दोन मुलं! नेटवर्कवर संगणक आधी विचारतो, "हा आयपी पत्ता कुणाचा?" ज्याचा असेल तो आपला ४८ बिटांचा मॅक पत्ता कळवतो. ही एआरपीची पद्धत १९८२ पासूनची, आणि ती उत्तर देणाऱ्यावर सरळ विश्वास ठेवते. दोघेही "हजर" म्हणाले की जोडणी कधी इकडे, कधी तिकडे.

एसएसएच प्रत्येक यंत्र त्याच्या किल्लीवरून ओळखतं आणि ती बदलली तर मोठा इशारा देतं. पण इथे किल्लीचीही नक्कल झालेली! या मुलीचं खातं नक्कल झाल्यानंतर उघडलेलं, म्हणून दुसरीकडे तिला नकार. जुन्या मुलांची खाती दोन्हीकडे होती. त्यांना प्रवेश मिळायचा, पण "सर, फाईल हरवली" म्हणायची. तेही मी हसण्यावारी नेलं होतं.

जोडणी चालते तेव्हा आणि चालत नाही तेव्हा, दोन्ही वेळा त्या आयपीसमोरचा मॅक पत्ता पाहिला. दोन वेगळे निघाले. कार्यालयातल्या संगणकाला नवा आयपी दिला, नव्या किल्ल्या करवल्या. काम दहा मिनिटांचं!

म्हणून माझं मत असं, की "बंद करून चालू करा" हा उपाय नव्हे, ती पुराव्यावर मारलेली फुली आहे. कायमचा बिघाड एका जागी उभा असतो, सापडतो. अधूनमधून होणाऱ्या बिघाडालाही नियम असतो, पण तो वेळ लिहून ठेवणाऱ्यालाच दिसतो. आणि तक्रार करणाऱ्यावर आधी विश्वास ठेवावा लागतो.

मी त्या मुलीची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "असू दे हो सर." माझ्या मनात मात्र जुने वर्ग उभे राहिले. "सर, फळ्यावरचं कधी कधी दिसत नाही" म्हणणाऱ्या किती मुलांना मी नुसतंच "नीट बघ" म्हणून खाली बसवलं असेल?